किशोरवयीन मुलांसह क्रूझ प्रवास : केबिन कशी निवडावी?

हैदराबादला समुद्र नाही. तिथल्या मुलांची बोटीशी पहिली ओळख होते ती हुसेनसागरावर, बुद्धमूर्तीपर्यंत नेणाऱ्या लाँचमध्ये. शहराला जवळच्या किनाऱ्यांपैकी एक मच्छलीपट्टणचा. गोवळकोंड्याच्या सुलतानांचा सागरी व्यापार त्याच बंदरातून चाले. पुढे निजामाच्या राज्याला स्वतःचे बंदर उरले नाही. १९४७च्या सुमारास निजाम सरकारने समुद्राकडे वाट मिळावी म्हणून गोव्याकडे, विशेषतः मुरगाव बंदराकडे दृष्टी वळवली होती. पोर्तुगालशी बोलणीही झाली, परंतु ती फळाला आली नाहीत.

निजामाला न मिळालेली ती वाट आज हैदराबादच्या पर्यटकांना सहज मिळते. ऑक्टोबर २०२४मध्ये सिकंदराबाद ते वास्को ही आठवड्यातून दोनदा धावणारी थेट रेल्वे सुरू झाली. सुमारे वीस तासांच्या प्रवासानंतर प्रवासी मुरगाव बंदरापासून अवघ्या काही किलोमीटरवर उतरतो. क्रूझ जहाजे जिथे लागतात ती मुंबई, मुरगाव, चेन्नई आणि विशाखापट्टण ही बंदरे हैदराबादपासून रस्त्याने साधारण सहाशे ते सव्वासातशे किलोमीटरच्या टप्प्यात येतात. हैदराबादहून सिंगापूरला थेट विमान असल्याने तिथून निघणाऱ्या क्रूझचाही पर्याय खुला आहे. त्यामुळे काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या भागांतील मराठी कुटुंबांच्या सुटीच्या बेतात आता जहाजाचा विचार होऊ लागला, तर त्यात नवल नाही.

जहाज आणि तारीख ठरली की आरक्षणाच्या वेळी एक प्रश्न हमखास अडतो. आई, वडील, सोळा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा, अशा चौघांनी एकाच केबिनमध्ये राहावे की दोन केबिन घ्याव्यात? दोन घेतल्या, तर कोणी कोणाबरोबर झोपावे? वरकरणी हा पैशांचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात मुलांना एकांत किती द्यायचा आणि रात्री त्यांच्यावर लक्ष कसे ठेवायचे, याचा तो निर्णय असतो. जहाज निघाल्यावर तो बदलणे कठीण असते, म्हणून पैसे भरण्यापूर्वीच त्याची उकल झालेली बरी.

वळकटीपासून केबिनपर्यंत

गोव्यातील जुन्या पिढीला मुंबई-पणजी बोट आठवत असेल. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींच्या डेकवर कुटुंबे वळकट्या पसरत, ट्रंका उशाशी घेत आणि सारे एका ओळीत झोपत. मुलांसाठी वेगळ्या खोलीचा विचार तिथे संभवतच नव्हता. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. तिच्यात सामाईक निवासापासून कौटुंबिक खोलीपर्यंत निरनिराळे वर्ग होते. सप्टेंबर २०२१पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले आणि मुरगाव हा त्याचा नेहमीचा थांबा झाला. २०२३-२४च्या हंगामात इटलीच्या कोस्टा कंपनीचे ‘कोस्टा सेरेना’ हे १ लाख १४ हजार टनांचे जहाजही मुंबई, गोवा, कोची मार्गावर आले.

या दोन जहाजांतील फरक केबिन निवडताना उपयोगी पडतो. ‘एम्प्रेस’ १९९०मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी बांधले गेले. त्या काळच्या प्रथेप्रमाणे त्याच्या केबिन लहान आहेत आणि बाल्कनी असलेल्या केबिन थोड्या. २००७च्या ‘कोस्टा सेरेना’वर बाल्कनीच्या केबिन विपुल आहेत. म्हणूनच जाहिरातीतील ‘इंटिरियर’ किंवा ‘बाल्कनी’ या शब्दावर न जाता त्या विशिष्ट जहाजाचा डेकनिहाय नकाशा पाहावा. तो बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर उपलब्ध असतो.

केबिनचे चार प्रकार

क्रूझ जहाजावरील निवास स्थूलमानाने चार वर्गांत मोडतो.

आतील केबिन : हिला खिडकी नसते. नव्या मोठ्या जहाजांवर तिचा आकार साधारण १५० ते १८० चौरस फूट, म्हणजे जवळपास दहा बाय पंधराची खोली असतो आणि त्यातच स्नानगृह व कपाट येते. जुन्या जहाजांवर ती याहून लहान असते. भाडे सर्वांत कमी.

खिडकीची केबिन : काच उघडत नाही, पण उजेड आणि क्षितिज दिसते. काही केबिनच्या खिडकीसमोर जीवनरक्षक नौका टांगलेली असते आणि दृश्य अडते. अशा केबिन स्वस्त असतात, मात्र आरक्षणात त्याची नोंद पाहून घ्यावी.

बाल्कनीची केबिन : खोलीला लागून दोन खुर्च्यांपुरता उघडा सज्जा असतो. भाडे बरेच वाढते.

सूट : प्रशस्त खोली, बहुधा स्वतंत्र बैठक, काही जहाजांवर दोन स्नानगृहे. चार-पाच जणांच्या कुटुंबाला सोयीची, पण सर्वांत महाग.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत आतील केबिनचा एक गुण आणि एक दोष सांगण्याजोगा आहे. तिथे दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो आणि मुले गाढ झोपतात. मात्र दिवस उजाडल्याचे त्यांना कळत नाही. सकाळचे नऊ वाजले तरी त्यांच्या लेखी रात्रच असते, जहाज बंदराला लागते आणि किनाऱ्यावर जाण्याची वेळ टळते. अनेक जहाजांवर केबिनच्या टीव्हीवर जहाजाच्या अग्रभागाचे दृश्य सतत दाखवणारी वाहिनी असते. ती आवाज बंद करून चालू ठेवली, तर खिडकीची उणीव काहीशी भरून निघते.

खिडकीचे मोल कोविडच्या काळात जगाला कळले. फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावरील प्रवाशांना दोन आठवडे केबिनमध्ये राहावे लागले, तेव्हा खिडकी नसलेल्या केबिनमधील लोकांना हवेसाठी पाळीपाळीने डेकवर आणले जाई. असा प्रसंग विरळा. तरीही कुटुंबात कोणी आजारी पडले, तर तो दिवस केबिनमध्येच काढायचा असतो, एवढे लक्षात ठेवावे.

चौघे एका खोलीत

चार जणांच्या केबिनमध्ये खाली दोन पलंग असतात आणि ते जोडून एक करता येतात. उरलेल्या दोघांसाठी भिंतीतून किंवा छतातून खाली येणारे वरचे बर्थ, अथवा एक वरचा बर्थ आणि एक सोफा-कम-बेड असतो. रेल्वेच्या अप्पर बर्थची सवय असलेल्या मुलांना यात अडचण वाटत नाही. परंतु वरच्या बर्थचे वजनाचे व उंचीचे बंधन विचारून घ्यावे. सहा फुटांकडे झेपावणारा मुलगा आणि आठ वर्षांचे मूल यांच्यासाठी ते सारखेच सोयीचे नसतात.

एका केबिनचे फायदे उघड आहेत. खर्च कमी, सर्वजण नजरेसमोर आणि रात्रीची काळजी नाही. दोन-तीन रात्रींच्या मुंबई-गोवा सफरीसाठी बहुतेक कुटुंबांना ती पुरते. झोपण्याचे चार-सहा तास सोडले, तर अशा सफरीत कोणी केबिनमध्ये थांबतच नाही.

अडचण येते ती स्नानगृह आणि कपडे बदलण्याच्या वेळी. चौघांना एकच स्नानगृह आणि त्यातही जेमतेम एका माणसाने उभे राहावे एवढी जागा. संध्याकाळी जेवणासाठी सर्वांना एकाच वेळी तयार व्हायचे असते. सोळा वर्षांच्या मुलीला भाऊ व वडील यांच्यासमवेत दहा बाय पंधराच्या खोलीत चार-पाच दिवस काढताना होणारा संकोच ती बोलून दाखवीलच असे नाही. मासिक पाळीचे दिवस असतील, तर तो आणखी वाढतो. पालकांनी हे तिला विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून ध्यानात घ्यावे. काही जहाजांवर शौचालय आणि स्नानाची जागा वेगवेगळ्या दारांआड असते, काहींवर पलंगांमध्ये पडदा असतो. एकच केबिन घ्यायची असेल, तर अशी रचना आवर्जून शोधावी.

व्यवहारात उपयोगी पडणारी मर्यादा अशी : तीन रात्रींपर्यंत एक केबिन निभते, पाच रात्रींपासून पुढे दोन केबिनचा विचार करावा. मुले भिन्नलिंगी आणि दोघेही तेरा वर्षांवरची असतील, तर हा विचार त्याआधीच सुरू व्हावा.

दोन केबिन : जोडलेल्या, शेजारच्या, समोरासमोर

दोन केबिन घेताना तीन शब्दांतील फरक समजून घेणे आवश्यक आहे.

जोडलेल्या केबिनमध्ये मधल्या भिंतीत दार असते. मार्गिकेत न येता एका खोलीतून दुसरीत जाता येते. मुलांना त्यांची खोली मिळते, पालकांना रात्री दार उघडे ठेवता येते आणि दोन स्नानगृहे मिळतात. किशोरवयीन मुलांसाठी ही व्यवस्था सर्वोत्तम. परंतु अशा जोड्या प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि त्या सर्वांत आधी संपतात.

शेजारच्या केबिनमध्ये भिंत सामाईक असते, दार नसते. समोरासमोरच्या केबिनमध्ये मधून मार्गिका जाते. यात एक काटकसरीचा मार्ग आहे : पालकांनी मार्गिकेच्या बाहेरच्या बाजूची खिडकीची किंवा बाल्कनीची केबिन घ्यावी आणि मुलांसाठी तिच्या अगदी समोरची आतील केबिन. मुलांना काळोख आणि एकांत, पालकांना समुद्र, आणि दोन्ही दारांत चार पावलांचे अंतर. दिवसा समुद्र पाहायला मुले पालकांच्या खोलीत येतातच.

केबिन क्रमांकांवरून फसगत होऊ शकते. अनेक जहाजांवर एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक असतात. तिथे ७१२० आणि ७१२१ या शेजारच्या केबिन नसतात, ७१२० आणि ७१२२ असतात. एजंट ‘लागून आहेत’ म्हणाला, तरी नकाशावर बोट ठेवून खात्री करावी.

‘गॅरंटी’ नावाच्या स्वस्त भाड्यापासून दोन केबिन घेणाऱ्या कुटुंबाने दूर राहावे. त्यात केबिनचा वर्ग ठरलेला असतो, क्रमांक मात्र कंपनी मागाहून देते. आई-वडील सहाव्या डेकवर पुढच्या टोकाला आणि मुले नवव्या डेकवर मागच्या टोकाला, असे त्यात होऊ शकते आणि त्यावर तक्रारीला जागा नसते.

वयाचा नियम

मुलांना वेगळी केबिन देण्याचे पालकांनी ठरवले, तरी कंपनीचा नियम आड येऊ शकतो. बहुतेक कंपन्या प्रत्येक केबिनमध्ये ठराविक वयाची किमान एक व्यक्ती असावी, अशी अट घालतात. हे वय कंपनी आणि सफर कुठून सुरू होते त्यानुसार १८ किंवा २१ असते. पालकांची केबिन जोडलेली वा अगदी जवळ असेल, तर अनेक कंपन्या ही अट शिथिल करतात. जवळ म्हणजे किती, हे मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवते.

जिथे अट शिथिल होत नाही, तिथे कागदोपत्री एका केबिनमध्ये आई व मुलगी आणि दुसरीत वडील व मुलगा, अशी नावे घातली जातात. जहाजावर गेल्यावर स्वागत कक्षातून दोन्ही केबिनच्या जादा किल्ल्या देण्याची सोय अनेक जहाजांवर असते. पण ती मिळेल असे गृहीत न धरता आधी विचारावे. न मिळाल्यास कागदावरची विभागणीच प्रत्यक्षात पाळावी लागेल. मुलगी सोळाची असेल, तर ही विभागणी गैरसोयीची नाही. उलट अनेक घरांत तीच सर्वांना रुचते.

मराठी कुटुंबांत आणखी एक सुलभ मार्ग असतो, तो म्हणजे आजी. पाचव्या सदस्याच्या रूपाने आजी सोबत असेल, तर आजी व नात एका केबिनमध्ये आणि उरलेले तिघे दुसरीत, अशी रचना वयाच्या अटीत चपखल बसते. एकट्या आजीसाठी केबिन घेतली, तर दोघांचे भाडे भरावे लागण्याचा संभव असतो. नातीच्या सोबतीने तेही वाचते. फक्त आजीची केबिन लिफ्टपासून फार दूर नसावी आणि तिचा पलंग खालचा असावा.

भाड्याचा हिशेब

क्रूझचे भाडे खोलीवर नसते. ते माणशी असते आणि एका केबिनमध्ये दोघे आहेत असे धरून काढलेले असते. त्याच केबिनमधील तिसऱ्या व चौथ्या प्रवाशाला कमी दर लागतो. काही कंपन्या विशिष्ट वयाखालील मुलांना आणखी सवलत देतात. म्हणून चौघांनी एका केबिनमध्ये राहणे स्वस्त पडते. दोन केबिन घेतल्या की चौघांनाही पूर्ण भाडे लागते.

केवळ हिशेबापुरते उदाहरण घेऊ. आतील केबिनचे माणशी भाडे १०० आणि तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचे ५० मानले, तर चौघांची एक आतील केबिन ३०० ला पडते आणि दोन आतील केबिन ४०० ला. बाल्कनीचे भाडे माणशी १५० आणि तिसऱ्या-चौथ्याचे ७५ असेल, तर चौघांची एक बाल्कनी ४५० ला पडेल. म्हणजे दोन आतील केबिन एका बाल्कनीपेक्षा स्वस्त ठरू शकतात. प्रत्यक्ष दर निराळे असतील, पण तीनही पर्यायांचे आकडे एजंटकडून एकत्र मागवून शेजारी शेजारी मांडावेत. सज्जा घ्यावा की दुसरे स्नानगृह घ्यावे, हा खरा पर्याय असतो. मुले मोठी असतील, तर दुसऱ्या स्नानगृहाचे पारडे बहुधा जड होते.

बंदर शुल्क आणि सेवाशुल्क सहसा माणशी आकारले जाते. ते दोन केबिन घेतल्याने वाढत नाही. ही रक्कम जाहिरातीतील भाड्यात धरलेली असतेच असे नाही, म्हणून अंतिम बेरीज विचारावी.

आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. केबिनमध्ये चार बर्थ असले, तरी जहाजाच्या त्या भागातील जीवनरक्षक नौकांची क्षमता भरली, की तिसरा-चौथा प्रवासी घेता येत नाही. ‘केबिन रिकामी आहे, पण दोघांसाठीच’ असे उत्तर मिळाले, तर त्यामागे हे कारण असू शकते.

जहाजावर कोणती जागा बरी?

जहाज पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे डोलते. झोक्याच्या टोकाला हेलकावा अधिक आणि मध्याला कमी, तसेच जहाजाचे असते. मधल्या भागातील, खालच्या डेकवरील केबिन सर्वांत स्थिर. अगदी पुढच्या टोकाला लाटांचे धक्के आणि नांगराचा खडखडाट, मागच्या टोकाला यंत्रांची थरथर जाणवते. ज्या मुलाला अनमोड घाटात गाडी लागते, त्याला बोटही लागण्याची शक्यता अधिक. त्याच्यासाठी मधली, खिडकीची केबिन घ्यावी, कारण क्षितिजाकडे पाहिल्याने मळमळ कमी होते.

वर आणि खाली काय आहे, हेही नकाशावर पाहावे. जलतरण तलावाच्या खालच्या केबिनमध्ये पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. नाट्यगृह किंवा नाचघराच्या वरच्या केबिनमध्ये मध्यरात्रीपर्यंत ठोके ऐकू येतात. वर व खाली दोन्ही डेकवर केबिनच असतील, ती जागा शांत. जिला मधले दार आहे अशी केबिन दुसऱ्या कुटुंबाशी वाटून घेण्याची वेळ येऊ देऊ नये. त्या दारातून पलीकडचे बोलणे ऐकू येते.

बाल्कनी, दार आणि रात्र

अमेरिकेतील बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या जहाजांना २०१०च्या कायद्याने सज्ज्याचा कठडा किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर उंच ठेवणे आणि केबिनच्या दाराला बाहेरचे पाहता येईल असे भिंग बसवणे बंधनकारक आहे. कठडा पुरेसा असतो. धोका असतो तो खुर्चीवर किंवा कठड्यावर चढून छायाचित्र काढण्यात. मुलांना वेगळी केबिन देताना ती आतील असेल, तर ही चिंताच उरत नाही. म्हणून बाल्कनी पालकांकडे असावी. कठड्यावर टॉवेल वा कपडे वाळत घालण्यासही मनाई असते. त्यासाठी बहुतेक स्नानगृहांत ओढून काढायची दोरी असते.

मुलांच्या केबिनबाबत पहिल्याच दिवशी तीन गोष्टी करून घ्याव्यात. केबिनमध्ये मद्याचे छोटे शीतकपाट असेल, तर ते रिकामे करायला सांगावे. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद करावी किंवा मर्यादा घालावी, कारण हेच कार्ड दाराची किल्ली आणि जहाजावरील पाकीट असते. केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याशी ओळख करून घ्यावी. गोव्याच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. येथील कितीतरी घरांतील तारवटी जगभरच्या जहाजांवर हेच काम करतात. कोणत्या केबिनमधील मुले किती वाजता परततात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. मात्र लक्ष ठेवण्याची जबाबदारी त्यांची नाही, ती पालकांचीच.

मोठ्या जहाजांवर बारा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी स्वतंत्र क्लब असतात आणि ते रात्री उशिरापर्यंत चालतात. काही कंपन्या मध्यरात्रीनंतर ठराविक वेळेपासून अल्पवयीनांना पालकांविना बाहेर फिरू देत नाहीत. जहाजाची वेळ कोणतीही असो, घरची वेळ वेगळी आणि आधी ठरलेली असावी. मुलांनी परतल्यावर पालकांच्या दारावर टकटक करावी, अनोळखी व्यक्तीसाठी दार उघडू नये, दुसऱ्याच्या केबिनमध्ये जाऊ नये आणि कोणाला आपल्या केबिनमध्ये बोलावू नये. नियम एवढेच, पण अपवादाविना.

धोक्याचा इशारा झाला तर

सात छोटे आणि एक लांब भोंगा हा जहाजावरील आणीबाणीचा इशारा. तो ऐकताच प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या जागी जमायचे असते. ही जागा केबिनवरून ठरते आणि कार्डावर छापलेली असते. दोन केबिन दूर असतील, तर आई-वडिलांची जागा एक आणि मुलांची दुसरी, असे होऊ शकते. केबिन जवळ असाव्यात याचे सर्वांत गंभीर कारण हेच आहे.

जानेवारी २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्यापाशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सराव तोवर झालेला नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि २०१५पासून लांबच्या सफरीत नव्या प्रवाशांचा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे सक्तीचे झाले. अलीकडे अनेक जहाजांवर तो भ्रमणध्वनीवर चित्रफीत पाहून आणि जागेवर नोंद करून होतो. मुलांनी चित्रफीत पाहिली, असे मानून भागत नाही. त्यांना घेऊन ती जागा एकदा पायी पाहावी. इशारा झाल्यास एकमेकांना शोधत केबिनकडे धावायचे नाही, थेट जमण्याच्या जागी जायचे, हे सर्वांच्या मनात पक्के असावे. जागा वेगवेगळ्या आल्या, तर स्वागत कक्षात सांगून त्या एक करून घ्याव्यात.

सामानातील छोट्या गोष्टी

जहाजावर विजेची इस्त्री, किटली, भात शिजवण्याचे कुकर नेता येत नाहीत. ते काढून घेतले जातात आणि सफर संपल्यावर परत मिळतात. अनेक जहाजांवर एक्स्टेन्शन बोर्डवरही बंदी असते. केबिनमध्ये प्लग मोजकेच आणि चौघांचे भ्रमणध्वनी, म्हणून अनेक यूएसबी खाचा असलेला एक चार्जर न्यावा. समुद्रात भ्रमणध्वनी विमान-स्थितीत ठेवावा. जहाजाच्या स्वतःच्या नेटवर्कवर गेल्यास देयक भरमसाट येते. वायफायसाठी बहुधा वेगळे पैसे पडतात, त्यामुळे मुले आणि पालक यांच्यात निरोपासाठी जुनाच उपाय कामी येतो : दारावर चिठ्ठी. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादी असतात. लोहचुंबकाच्या दोन टिकल्या नेल्या, की चिठ्ठी चिकटते आणि टोप्या-पिशव्याही टांगता येतात.

हंगाम आणि आरक्षणाची वेळ

पश्चिम किनाऱ्यावरील क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात जुन्या कोकणबोटीही बंद असत आणि आजची जहाजेही हा किनारा सोडतात. ‘एम्प्रेस’ त्या दिवसांत चेन्नईहून फेऱ्या करीत आले आहे. हैदराबादच्या कुटुंबांची अडचण अशी की दहावीची परीक्षा संपल्यावर आणि ‘इंटर’चे वर्ग सुरू होण्यापूर्वी मिळणारी फुरसत नेमकी एप्रिल-मेची असते. गोव्यातील कुटुंबांनाही मोठी सुटी तेव्हाच मिळते. त्यामुळे जोडलेल्या व चार बर्थच्या केबिन त्या आठवड्यांसाठी लवकर संपतात. कित्येक महिने आधी आरक्षण करणे हाच यावर उपाय. रेल्वेने मुरगावला येणाऱ्यांनी जहाजाच्या आदल्या दिवशी पोहोचावे. गाडीला उशीर झाला, म्हणून जहाज थांबत नाही.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. दोन्ही केबिनचे नेमके क्रमांक कोणते आणि मध्ये दार आहे का?
२. केबिनमध्ये किती वयाची व्यक्ती असणे सक्तीचे आहे? पालकांची केबिन जवळ असल्यास सूट मिळते का?
३. तिसरा व चौथा पलंग कोणत्या प्रकारचा आहे?
४. एक चौघांची आतील, दोन आतील आणि एक चौघांची बाल्कनी यांची शुल्कासह अंतिम रक्कम किती?
५. दोन्ही केबिनची आणीबाणीत जमण्याची जागा एकच आहे का?
६. केबिनच्या वर आणि खाली काय आहे?
७. रद्द केल्यास किंवा केबिन बदलल्यास किती रक्कम कापली जाईल?
८. मुलांसाठी कोणती ओळखपत्रे लागतील? एकच पालक सोबत असेल, तर दुसऱ्याचे संमतीपत्र लागते का?

या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. एजंटच्या तोंडी आश्वासनाला जहाजावर किंमत नसते.

शेवटचा प्रश्न एजंटला नव्हे, मुलांना विचारायचा असतो. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून सोळा वर्षांच्या मुलीला व तेरा वर्षांच्या मुलाला त्यांची केबिन दाखवावी, तिच्याबरोबर येणारे नियमही तेव्हाच सांगावेत आणि त्यांचे म्हणणे ऐकावे. निवडीत सहभागी झालेली मुले नियम सहसा पाळतात. दोन-चार वर्षांत हीच मुले शिक्षणासाठी घराबाहेर पडतील, तेव्हा त्यांच्या खोलीचे दार कधी उघडते आणि कधी बंद होते, हे आई-वडिलांना कळणार नाही. तोवर पालक चार पावलांवर असताना स्वतःच्या दाराची किल्ली सांभाळण्याचा सराव झालेला बरा.